सहा रविवारांचं मौन

माणसाची खरी पारख तो काम कसं करतो यावरून होत नाही, रविवारी संध्याकाळी तो विश्रांती कशी घेतो यावरून होते, असं तपासनीसांचं ठाम मत होतं. हे मत त्यांनी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून बनवलं होतं, कारण बाहेरच्या खोलीतल्या सोफ्यावर बसायला त्यांना बंदी होती.

बंदी तशी सौम्य होती. फक्त रविवार, फक्त साडेसात ते साडेआठ. त्या तासात टीव्हीवर एक मालिका लागायची. एका टुमदार गावात दर आठवड्याला एक खून व्हायचा आणि गावच्या पोस्टमास्तरीणबाई टपाल वाटता वाटता तो उलगडायच्या. खूनही इतका सभ्य, की गालिच्यावर थेंब सांडत नसे. मेलेला माणूस इस्त्रीच्या कपड्यांत आडवा झालेला असे आणि त्याच्याबद्दल कुणालाच फारसं वाईट वाटत नसे. आठवडाभर क्ष-किरण विभागात उभं राहून लोकांना "श्वास रोखा, हलू नका" सांगणाऱ्या त्यांच्या बायकोला रविवारी असंच काहीतरी लागायचं. सासूबाईंनाही लागायचं, आणि ज्या मुलीला आईचं आणि आजीचं एरवी काहीच पटत नसे, तिलाही लागायचं. तिघी एका पांघरुणात पाय घालून बसायच्या. चौथी जागा तपासनीसांची होती.

तपासनीस मोजपट्ट्यांच्या कारखान्यात होते. जगातली माणसं मोजपट्टीने कापड मोजतात, दारं मोजतात, कंबर मोजतात. तपासनीस मोजपट्टी मोजत. लांब टेबलावर मूळ प्रमाणपट्टी ठेवलेली, शेजारी तयार माल अंथरलेला, डोळ्याला भिंग लावलेलं. केसभर फरक दिसला की लाल चिठ्ठी. सव्वीस वर्षांत त्यांच्या हातून एकही सदोष नग पुढे गेलेला नव्हता, आणि ही गोष्ट ते स्वतःहून कुणाला सांगत नसत. समोरच्याने विचारायची वेळ येईल अशा बेताने विषय वळवत.

आता असा माणूस मालिका बघायला बसला की व्हायचं तेच झालं. पोस्टमास्तरीणबाईंच्या कपाचा कान आधी उजवीकडे होता, आता डावीकडे आहे. दारोगा पावसातून आला, पण बूट कोरडे आहेत. हे सगळं तपासनीस तक्रार म्हणून सांगत नसत, सेवा म्हणून सांगत. बाकीच्यांच्या नजरेतून सुटलेलं त्यांच्या पदरात टाकावं, इतकाच हेतू. त्या शेवटच्या रविवारी बाई संशयितांना एका खोलीत गोळा करून गुन्हेगाराचं नाव घेणार, तेवढ्यात तपासनीस म्हणाले की मघाशी खुनाच्या वेळी भिंतीवरच्या घड्याळात सव्वाचार वाजले होते आणि आत्ता चारच वाजलेत, म्हणजे हिशेबाने तो माणूस अजून पाव तास जिवंत आहे. या बोलण्यात गुन्हेगाराचं नाव कुणालाच ऐकू आलं नाही.

बायकोने टीव्ही बंद केला. ती ओरडली नाही. ती ओरडत नाही, हीच तिची भीती.

"सलग सहा रविवार," ती म्हणाली, "साडेसात ते साडेआठ, टीव्हीसमोर बसून एक शब्द न बोलता दाखवा. कुठलाही कार्यक्रम. मग या सोफ्यावर."

सासूबाईंनी मान डोलावली. जावईबुवा गुणी आहेत, पण त्यांच्यासोबत काही बघणं म्हणजे डोळ्यांच्या डॉक्टरकडे जेवायला जाण्यासारखं आहे, असं त्या बोलून गेल्या. मुलीने हे मौन कुणी तरी तपासायला हवं, बाबा स्वतःच परीक्षक आणि स्वतःच विद्यार्थी असं चालणार नाही, असा मुद्दा काढला. तिला वकील व्हायचं होतं.

त्या संध्याकाळपासून तपासनीस स्टुलावर. भिंतीपलीकडून तिघींचं हसणं यायचं. खुनाच्या मालिकेत इतकं हसण्यासारखं काय असतं हे त्यांना आतापर्यंत कळलं नव्हतं. आता ऐकू येत होतं तेव्हा दिसत नव्हतं. पहिल्या रविवारी त्यांनी वर्तमानपत्र वाचलं. वाचलं म्हणजे समोर धरलं. भिंतीपलीकडे कुणीतरी मेलं, मग मुलीने काहीतरी शेरा मारला, मग बायको खळखळून हसली. बायको तशी हसते हे तपासनीस विसरले होते. त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली आणि अट स्वीकारली.

अट स्वीकारताना त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. गप्प बसणं हे काही अवघड काम नाही. फक्त ज्यात चूक नाही असा कार्यक्रम हवा. चूक नसेल तर बोलायचं कशाला? कारखान्यात निर्दोष पट्टीपुढे तेही कधी बोलले नव्हते. म्हणजे प्रश्न त्यांच्या स्वभावाचा नव्हताच मुळी, मालाच्या दर्जाचा होता. हा शोध लागल्यावर त्यांना बरंच हलकं वाटलं.

त्यांनी वही आखली. पुढचा आठवडाभर कामावरून आल्यावर ते नमुने तपासू लागले. पाककृतीचा कार्यक्रम बाद झाला, कारण बाई म्हणाल्या दोन तास मुरू द्या आणि मागच्या खिडकीतली सावली जागची हलली नाही. पक्ष्यांचा कार्यक्रम बाद; चोच मिटलेली आणि आवाज चालू. गाण्याच्या स्पर्धेत परीक्षक गाणं सुरू व्हायच्या आधी रडले. घर सजवण्याच्या कार्यक्रमात तर एकाने मोजपट्टी उलटी धरून भिंत मोजली, तेव्हा तपासनीस उठून पाणी प्यायले. मुलगी हे सगळं बघत होती. बाबा, तुम्हाला विश्रांतीचा कार्यक्रम हवाय की विश्रांतीचा शत्रू, असं तिने विचारलं. त्यांनी वहीत पुढचा रकाना आखला.

शुक्रवारी त्यांना हवं ते सापडलं. एका कोपऱ्यातल्या वाहिनीवर 'संथ पाणी' नावाच्या कार्यक्रमाची जाहिरात होती. एक लांबट बोट कालव्यातून जाते. बस. दोन्ही बाजूंना झाडं, मधूनच गाय, कधी पूल. निवेदन नाही, संगीत नाही, माणसं नावालाच. कप नाही, घड्याळ नाही, खून नाही. बोट इतक्या हळू जात होती की चूक करायला तिला सवडच नव्हती. वेळ: दर रविवारी साडेसात. तपासनीसांनी वहीत पहिल्यांदाच हिरवी खूण केली.

अडचण एकच. घरात टीव्ही एक आणि त्या वेळी त्याच्यावर खून. मुलीने आपला फोन देऊ केला. तपासनीसांनी तो नाकारला. फोनवर बघणं हे बघणं नव्हे, डोकावणं आहे, आणि उद्या सहा रविवार पार पडल्यावर कुणी तांत्रिक हरकत काढली तर? त्यांना स्वच्छ, वादातीत यश हवं होतं. इमारतीच्या तळमजल्यावर रहिवाशांचा हॉल होता, हॉलमध्ये टीव्ही होता, आणि त्या टीव्हीवर गेल्या तीन वर्षांत धुळीखेरीज काही बसलं नव्हतं.

हॉलची किल्ली सेक्रेटरींकडे. हे गृहस्थ नोकरीत असताना एका मोठ्या कचेरीत आवक-जावक सांभाळायचे आणि निवृत्तीनंतर इमारतीत येणाऱ्या-जाणाऱ्या वाऱ्याचीही नोंद ठेवायचे. त्यांनी अर्ज मागितला. अर्ज वाचून ते म्हणाले की हॉल वैयक्तिक उपयोगाला देता येत नाही. सामूहिक उपक्रम असेल तर देता येतो, आणि समूह म्हणजे नियमाप्रमाणे किमान सात. सातपैकी एक जरी गैरहजर राहिला तर तो समूह राहत नाही, नुसती गर्दी होते. शिवाय परवानगी द्यायची तर ती पूर्ण वर्षाची. सुटी परवानगी द्यायला रकाना नाही.

दुसरा एखादा माणूस इथे थांबला असता. तपासनीस थांबले नाहीत. सात माणसं गोळा करणं त्यांना मुळीच कठीण वाटलं नाही, कारण सहा तर इमारतीत होतीच. त्या सहांना फक्त अजून ठाऊक नव्हतं.

सर्वांत आधी समोरच्या दारातले हेडमास्तर. ते निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती आणि आठ वर्षं कुणावर तरी देखरेख करायला मिळावी म्हणून ते झुरत होते. साक्षीदार म्हणून त्यांचं नाव बायकोनेच सुचवलं. परीक्षेच्या हॉलमध्ये मुलगा मान हलवायच्या आत त्यांना कळायचं की तो कुणाच्या पेपरकडे बघणार आहे. तपासनीस बोलले तर मी नोंद करीन, असं त्यांनी बायकोला वचन दिलं, आणि ओठ हलले तरी, अशी आपणहून भर घातली.

दुसऱ्या मजल्यावरचे दंतवैद्य लगेच तयार झाले. त्यांचा धंदाच असा की समोरच्याचं तोंड उघडं असतं पण तो बोलू शकत नाही. त्यामुळे संभाषण म्हणजे आपण बोलायचं, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. ज्याला बोलायची बंदी आहे असा शेजारी त्यांना आयताच मिळाला. पहिल्या मजल्यावरच्या दोघा भावांचं आपसात बोलणं बंद होतं. न बोलता एकत्र बसायची सोय झाली म्हणून दोघंही आले, दोन टोकांच्या खुर्च्यांवर. विमा एजंट आला, कारण एका खोलीत सहा विमा न काढलेली माणसं त्याला सहसा सापडत नसत. सातवे खुद्द सेक्रेटरी. किल्ली दुसऱ्याच्या हाती द्यायची नाही, असा त्यांचा नियम असल्यामुळे किल्लीसोबत त्यांना यावंच लागलं.

प्रत्येकाने सल्लाही दिला. दंतवैद्यांचं मत पडलं की जीभ टाळूला लावून ठेवावी. हेडमास्तर म्हणाले, बोलावंसं वाटलं की पाढे म्हणावेत, मनात, एकोणतीसचा. विमा एजंट म्हणाला की मौनात अचानक काही झालं तर घरच्यांचं काय, याचा विचार झालाय का?

राहिला प्रश्न वाहिनीचा. हॉलच्या टीव्हीवर 'संथ पाणी'ची वाहिनी येत नव्हती. तपासनीस अर्धी रजा टाकून केबल कंपनीच्या कचेरीत गेले. काउंटरवरच्या बाईंनी फॉर्म दिला. जोडणी इमारतीच्या नावावर होती, तेव्हा ग्राहकाचं नाव म्हणून तपासनीसांनी इमारतीचं नाव लिहिलं. पुढे ग्राहकाची जन्मतारीख विचारली होती.

त्यांनी बाईंना समजावलं की ग्राहक ही इमारत आहे. बाईंनी त्यांना समजावलं की रकाना रिकामा ठेवला तर यंत्र फॉर्म घेत नाही. तपासनीस घरी आले, जिन्याखालच्या कोनशिलेवरची तारीख उतरवून परत गेले. वडिलांच्या नावाच्या रकान्यात बऱ्याच विचाराअंती बांधकाम कंत्राटदाराचं नाव घातलं. वैवाहिक स्थितीपाशी दोघंही अडले. मग बाईंनी बाजूच्या इमारतीशी भिंत जोडलेली आहे का, असं विचारलं आणि स्वतःच्या जबाबदारीवर 'विवाहित' लिहिलं. ओळखीसाठी त्यांनी इमारतीचा समोरून काढलेला फोटो जोडला होता. तो दोनदा परत आला. पहिल्यांदा पार्श्वभूमी पांढरी नव्हती म्हणून. दुसऱ्यांदा दोन्ही कान दिसत नव्हते म्हणून. तपासनीसांनी बाईंच्या नजरेस आणून दिलं की दोन्ही बाजूंच्या गॅलऱ्या स्पष्ट दिसताहेत. बाईंनी फोटो उजेडात धरला, गॅलऱ्या मोजल्या आणि शिक्का मारला. कामाची कदर असलेली माणसं अजून शिल्लक आहेत, असं त्या दिवशी तपासनीसांना वाटलं.

पहिल्या रविवारी साडेसातला हॉलमध्ये बोट निघाली.

खरं सांगायचं तर पहिला रविवार फार सुंदर गेला. पाणी, झाडं, एक पांढरी गाय, मग दगडी पूल आणि त्यावर लाल टोपी घातलेला एक माणूस. बोट पुलाखालून जाताना त्याने डावा हात वर केला. दंतवैद्य सुरुवातीपासून बोलत होते, पण ते दाढांविषयी बोलत होते. सेक्रेटरी सातव्या मिनिटाला झोपले. हेडमास्तर पडद्याकडे पाठ करून, हात मागे बांधून तपासनीसांकडे बघत उभे होते. ते सहाही रविवार असेच उभे राहिले. तपासनीसांच्या कपाळावरची आठी गेली. पडद्यावर काहीही चुकत नव्हतं. साडेआठला हेडमास्तरांनी वहीत लिहिलं: वर्तन समाधानकारक.

हॉल सामूहिक असल्यामुळे हजेरीची वही आलीच. वही आली म्हणून मंडळ आलं, मंडळ आलं म्हणून अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार आले. खजिन्यात काही नसल्यामुळे खजिनदारपद त्या दोघा भावांना जोडीने दिलं. हजेरीपाठोपाठ इतिवृत्त सुरू झालं. ज्या मंडळाचं कामच मुळी काही न करता बसून राहणं, त्याचं इतिवृत्त दुसऱ्या रविवारी चार पानांचं झालं, कारण खिडकी उघडी असावी की मिटलेली यावर चर्चा झाली होती. तपासनीस चर्चेत नव्हते. ते गप्प होते, आणि गप्प माणसाची इज्जत कशी वाढते याचा त्यांना रोज नवा अनुभव येत होता. जिन्यात लोक त्यांना आधी वाट देऊ लागले.

तिसऱ्या रविवारी पांढरी गाय पुन्हा दिसली. गायी पांढऱ्या असतात. मग पूल आला. पुलावर लाल टोपीवाला. त्याने डावा हात वर केला.

तपासनीसांनी जीभ टाळूला लावली.

असेल. कालव्याकाठी लाल टोप्यांची पद्धत असेल. एक माणूस एका पुलावरून दुसऱ्या पुलावर जात असेल, त्याचं ते कामच असेल. चौथ्या रविवारी ते गाय येण्याची वाट बघत बसले, आणि गाय अगदी त्याच वाकड्या झाडापाशी, शेपूट उजवीकडे ठेवून आली. त्यांच्या कानशिलाची शीर उडू लागली. पूल. टोपी. डावा हात. तपासनीस मनातल्या मनात एकोणतीसचा पाढा म्हणू लागले आणि दोनशे बत्तीसला अडले. आजूबाजूला त्यांनी पाहिलं. सेक्रेटरी झोपलेले. भाऊ एकमेकांकडे बघायचं नाही म्हणून आपापल्या बाजूच्या भिंतीकडे बघताहेत. एजंट खिशातलं पत्रक चाचपतोय. दंतवैद्यांचे डोळे पडद्यावर होते, पण बोलण्यात ते दाढांवरून हिरड्यांवर आले होते. आणि हेडमास्तर, पेन उघडून, त्यांच्या ओठांकडे.

सव्वीस वर्षांत असा प्रसंग आला नव्हता. डोळ्यांसमोर सदोष माल सरकत होता, एकच भाग चार वेळा नवा म्हणून खपवला जात होता, आणि त्यांच्या हातात लाल चिठ्ठी नव्हती. बोलले तर चार रविवार पाण्यात. वर तिघी एका पांघरुणात, चौथी जागा मोकळी. पाचव्या रविवारी पूल जवळ येताच त्यांनी डोळे मिटून घेतले. हेडमास्तरांनी लिहिलं: विद्यार्थी रमलेला दिसतो.

घरी बायकोने विचारलं, कसं चाललंय. उत्तम, असं त्यांनी सांगितलं. आवाज जरा घोगरा होता. सासूबाई म्हणाल्या, जावईबुवांच्या चेहऱ्यावर हल्ली तेज आलंय. तो रक्तदाब होता.

सहाव्या रविवारी सगळं सुरळीत चाललं होतं. गाय होऊन गेली. आता फक्त पूल, आणि मग सगळं सोपं. पुलावर टोपीवाला दिसला आणि दंतवैद्य मध्येच थांबले. ते थांबले म्हणून सेक्रेटरी जागे झाले.

"हा मागच्या खेपेला पण होता का हो?" दंतवैद्य म्हणाले.

थोरल्या भावाने होता असं सांगितलं, म्हणून धाकट्याने नव्हता असं सांगितलं. एजंट म्हणाला, एकसारखे दिसणारे लोक असतात, म्हणूनच ओळखपत्र लागतं. सेक्रेटरींना हा प्रश्न गंभीर वाटला. एकच भाग पुन्हा पुन्हा बघितला जात असेल तर त्याला उपक्रम म्हणता येईल की नाही, हे नियमात पाहावं लागेल, आणि उपक्रम नसेल तर आधीचे पाच रविवारही रद्द धरावे लागतील, असं त्यांनी सांगितलं. मग सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला वळली.

"तपासनीस, तुमचा तर हातखंडा आहे," दंतवैद्य म्हणाले. "तुम्हीच सांगा, तोच की दुसरा?"

हेडमास्तरांनी पेन वहीला टेकवलं. घड्याळात आठ वाजून दहा मिनिटं झाली होती.

तपासनीसांच्या गळ्याशी एक वाक्य येऊन उभं राहिलं होतं. पूर्ण, नेटकं, पुराव्यासकट. तोच आहे, टोपीची शिवण डावीकडे उसवलेली आहे, सहाही वेळा उसवलेली होती. त्यांनी छताकडे पाहिलं. छतापलीकडे चार मजले आणि एक सोफा होता. त्यांनी वाक्य गिळलं. गिळताना आवाज झाला, पण हेडमास्तरांनी मोठ्या मनाने तो धरला नाही.

तपासनीस काही बोलत नाहीत, म्हणजे त्यात काही दोष नाही, असा निष्कर्ष सर्वांत आधी सेक्रेटरींनी काढला. त्यात तर्क होता. इतका बारीक नजरेचा माणूस आणि चूक असती तर सोडली असती का? धाकटा भाऊ विजयी मुद्रेने खुर्चीत मागे रेलला. ठराव लिहिला गेला: पुलावरील इसम दर वेळी वेगळा असून टोपीतील साम्य योगायोगाचे आहे, असे मंडळाचे मत आहे. कुणाची हरकत? हेडमास्तरांनी तपासनीसांकडे पाहिलं. तपासनीसांनी घड्याळाकडे पाहिलं. एकमताने मंजूर. सह्यांसाठी वही तज्ज्ञ म्हणून आधी त्यांच्यापुढे आली. सही करायला तोंड उघडावं लागत नाही, ही गोष्ट त्यांच्या त्या क्षणी लक्षात आली, आणि नाही म्हणायला उघडावं लागतं, हीदेखील. त्यांनी सही केली. सही नेहमीसारखी नेटकी आली. सव्वीस वर्षांची सवय होती.

साडेआठला हेडमास्तरांनी प्रमाणपत्र दिलं. सलग सहा रविवार, सहा तास, शून्य शब्द. वर आपणहून 'विशेष प्रावीण्य' लिहिलं होतं.

पुढच्या रविवारी सात पंचविसाला तपासनीस इस्त्रीचा सदरा घालून, प्रमाणपत्र हातात धरून बाहेरच्या खोलीच्या दारात उभे राहिले. गेले सहा रविवार ते सातलाच खाली जात आणि हॉलचा हिशेब, म्हणजे खुर्च्यांचा, आटोपून नऊला वर येत. त्यामुळे त्या वेळी घरात काय चालतं हे त्यांनी पाहिलंच नव्हतं. सोफ्यावर सासूबाई होत्या, मुलगी होती, बायको होती. चौथ्या जागेवर हेडमास्तरांच्या पत्नी होत्या. पांघरूण वाढवून त्यांच्या पायांवर घेतलेलं होतं. समोर गालिच्यावर दंतवैद्यांची बायको, दोघा भावांच्या दोघी बायका एकमेकींना टेकून गप्पा मारत बसलेल्या, आणि खिडकीशी, ज्यांच्या घरात टीव्ही लावल्याचीही नोंद करावी लागते त्या सेक्रेटरीणबाई.

नवरे खाली गुंतलेले म्हटल्यावर एकेक करून त्या वर आल्या होत्या. सहा रविवारांत बैठक पक्की झाली होती.

तपासनीसांनी प्रमाणपत्र पुढे केलं. बायकोने ते वाचलं, दोनदा वाचलं, आणि तिचा चेहरा कावराबावरा झाला.

"अहो," ती हळूच म्हणाली, "ते मी रागाच्या भरात म्हटलं होतं. दुसऱ्याच रविवारी येऊन बसला असतात तरी मी काही म्हणणार नव्हते. मला वाटलं, तुम्हाला खालीच आवडायला लागलंय."

मुलगी स्टूल आणायला उठली. तेवढ्यात हेडमास्तरांच्या पत्नीने अगदी साधेपणाने विचारलं, तपासनीस वर आले तर खाली सहाच उरतील, म्हणजे मंडळ बंद, म्हणजे आमचे हेही वर येणार का? खोलीत कुणी काही बोललं नाही. दंतवैद्यांच्या बायकोने डोळे मिटून घेतले. हॉलमधल्या सहा आठवड्यांनंतर तपासनीसांना शांततेचे प्रकार कळू लागले होते, आणि ही शांतता कसली आहे हे त्यांनी बरोब्बर ओळखलं.

बायको त्यांना दारापर्यंत सोडायला आली. पायऱ्यांपाशी तिने त्यांच्या सदऱ्याची कॉलर सारखी केली. "बुधवारी बसू या ना आपण," ती म्हणाली. "दोघंच. काहीतरी लागतंच बुधवारी. आणि बुधवारी बोला हवं तेवढं."

बुधवार हा वार आजवर उगाच दुर्लक्षित राहिला, असा विचार करत तपासनीस जिना उतरले. ते मुळीच खचले नव्हते. उलट आता ते मोकळे होते. अट संपली होती, प्रमाणपत्र मिळालं होतं, हेडमास्तरांचं पेन त्यांचं काही वाकडं करू शकत नव्हतं. हॉलमध्ये सात जण झाले आणि बोट निघाली. गाय आली. वाकडं झाड आलं. पूल आला.

तपासनीस उठून उभे राहिले. सहा आठवडे साठवलेल्या आवाजात, पडद्यापाशी जाऊन, बोट ठेवून त्यांनी सांगितलं की हा तोच माणूस आहे, हा तोच पूल आहे, टोपीची शिवण बघा, आपण सात वेळा एकच भाग पाहिला आहे. सगळं मुद्देसूद, गायीच्या शेपटीसकट. असं स्वच्छ बोलणं त्या हॉलने कधी ऐकलं नव्हतं.

दंतवैद्य म्हणाले, पण तो प्रश्न तर निकालात निघालाय. सेक्रेटरी म्हणाले की एकमताने मंजूर झालेला ठराव वर्षाच्या आत पुन्हा चर्चेला घेता येत नाही. हेडमास्तरांनी वही उघडून त्यांच्यापुढे धरली.

ठरावाखाली पहिली सही तपासनीसांची होती.